बॉस्टनच्या नॉर्थ एंडमध्ये आई-बाबांना इटालियन-अमेरिकन जेवायला न्यायचे आहे. शाकाहारी माणसासाठी काय मागवावे?

फ्रॅमिंगहॅमकर

नमस्कार. माझे आई-बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना बॉस्टन दाखवण्याचा बेत आहे. बॉस्टन कॉमनपासून निघणाऱ्या फ्रीडम ट्रेल या ऐतिहासिक स्थळे जोडणाऱ्या वाटेच्या लाल रेघेवरून अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या पॉल रिव्हियरच्या घरापर्यंत तरी चालायचे आणि मग तिथेच नॉर्थ एंडमध्ये एखाद्या साध्या, घरगुती वळणाच्या इटालियन-अमेरिकन हॉटेलात संध्याकाळचे जेवण करून परतायचे, असे ठरवले आहे. बाबा मासे खातात आणि अशा हॉटेलात बसून स्पॅगेटी खाण्याची त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. आम्ही एकूण सहा जण आहोत : आई-बाबा, मी, पत्नी आणि आठ व अकरा वर्षांची दोन मुले.

प्रश्न आईच्या जेवणाचा आहे. आई पूर्ण शाकाहारी आहे आणि अंडेही खात नाही. दोन वर्षांपूर्वी ते दोघे आले होते, तेव्हा दुसऱ्या एका शहरात पर्यटकांच्या गजबजलेल्या भागातल्या अशाच एका हॉटेलात आम्ही गेलो होतो. तिथे आईसाठी मिनेस्ट्रोनी हे भाज्यांचे सूप मागवताना मी वेटरला यात मांस नाही ना, असे विचारले होते आणि त्याने नाही म्हणून सांगितले होते. आईची अर्धी वाटी संपल्यावर दुसरी एक मुलगी पाव घेऊन आली आणि बोलता बोलता तिच्याकडून कळले की सूपमध्ये मांसाचे तुकडे नसले, तरी ते कोंबडीच्या पाण्यात शिजवलेले होते. आईने एक शब्दही काढला नाही. तिने चमचा बशीत पालथा ठेवला, वाटी हळूच बाजूला सरकवली आणि बाकीच्यांचे जेवण संपेपर्यंत ती मुलांशी बोलत बसली. घरी आल्यावर तिने ताक-भात खाल्ला आणि मलाच समजावले की तू विचारले होतेस, तुझी काही चूक नाही. माझ्या मनातून मात्र ती वाटी अजून गेलेली नाही. माझी विचारण्याची पद्धतच अपुरी होती, असे मला वाटते.

म्हणून जाणकारांना विनंती आहे की अशा हॉटेलात आईसाठी नेमके काय मागवावे, वेटरला कोणत्या शब्दांत विचारावे आणि वयस्कर माणसांना घेऊन जाताना वेळ, गर्दी व टीप यांबाबत कोणती काळजी घ्यावी, हे कृपया सविस्तर सांगावे. आईला उपाशी बसवून आम्ही जेवायचे, असे यावेळी मला होऊ द्यायचे नाही.

मेडफर्डकर

मी या भागात वीस वर्षांहून अधिक काळ राहतो आहे आणि भारतातून आलेले आमचे बहुतेक पाहुणे मी नॉर्थ एंडमध्ये जेवायला नेले आहेत. खाण्याच्या पदार्थांविषयी माझ्यापेक्षा अधिक माहिती असणारे लोक इथे आहेत, म्हणून मी फक्त जाण्या-येण्याविषयी लिहितो.

सर्वांत आधी तारीख तपासा. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवार-रविवारी नॉर्थ एंडमध्ये सेंट अँथनीचा उत्सव असतो. इटलीतल्या माँतेफाल्चोने या गावाहून आलेल्या लोकांनी तो १९१९ साली सुरू केला. रविवारी संताची मूर्ती खांद्यावरून गल्लीगल्लीत तासन्‌तास फिरवली जाते आणि लोक घरातून बाहेर येऊन मूर्तीच्या फितींना नोटा टाचतात. आपल्याकडची पालखी पाहिलेल्या माणसाला ते दृश्य परके वाटत नाही, आणि तुमच्या आई-बाबांना ते पाहायला आवडेलही. पण त्या दिवशी सहा जणांनी शांतपणे बसून जेवण्याचा विचार सोडून द्यावा. जेवणच मुख्य असेल तर त्याच आठवड्यातला मंगळवार किंवा बुधवार निवडा.

गाडी घेऊन जाऊ नका. तिथल्या गल्ल्यांमध्ये रस्त्यालगतच्या बहुतेक जागा रहिवाशांसाठी राखीव असतात. फ्रॅमिंगहॅमहून लोकल ट्रेनने बॅक बे स्थानकावर उतरून तिथून ऑरेंज लाइनने हेमार्केटला या. हेमार्केटहून ग्रीनवेची बाग ओलांडली की पाचेक मिनिटांत हॅनोव्हर स्ट्रीट लागतो. जिथे आज ती बाग आहे तिथे पूर्वी उंच खांबांवरचा महामार्ग होता आणि त्याने नॉर्थ एंडला उरलेल्या शहरापासून अक्षरशः तोडून टाकले होते. तो रस्ता जमिनीखाली गेल्यावर हा भाग पुन्हा चालत येण्याजोगा झाला, हे वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांच्या दृष्टीने फार बरे झाले.

वेळ साडेचार ते पाचची घ्या आणि फोन करून जागा राखून ठेवा. तिथली कितीतरी हॉटेले इतकी लहान आहेत की सहा जणांसाठी दोन टेबले जोडावी लागतात, आणि सात वाजल्यानंतर आवाज एवढा वाढतो की टेबलाच्या पलीकडच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. स्वच्छतागृह बऱ्याच ठिकाणी तळघरात असते आणि जिना अरुंद व चढा असतो, त्यामुळे वडिलांचे किंवा आईचे गुडघे दुखत असतील तर फोनवर हेही विचारून घ्या. माझ्या सासूबाई ऑक्टोबरमध्ये येणार आहेत आणि त्यांना जिना चढवत नाही, म्हणून तुम्ही जिथे जाल तिथली सोय कशी होती हे परत आल्यावर अवश्य लिहा.

माजी वाढपी

माझे शिक्षण इथेच झाले आणि कॉलेजात असताना मी दोन उन्हाळे प्रॉव्हिडन्सच्या फेडरल हिल भागातल्या एका इटालियन-अमेरिकन हॉटेलात वाढप्याचे काम केले. ते हॉटेल एका कुटुंबाचे होते आणि तिथले स्वयंपाकघर मी इतके जवळून पाहिले आहे की तुमच्या आईच्या वाटीत काय घडले असेल, हे मला वाचताक्षणीच कळले. त्या वेटरला खोटे बोलायचे नव्हते. मांस आहे का, या प्रश्नाचा अर्थ त्याच्या लेखी मांसाचे तुकडे आहेत का, एवढाच होतो. ज्या पाण्यात भाजी शिजली ते पाणी कशाचे, हा त्याच्या दृष्टीने वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच विचारावा लागतो.

या स्वयंपाकाचा पाया दोन लाल रश्श्यांवर उभा आहे आणि त्यांतला फरक समजला की निम्मे काम झाले. एक मरिनारा. ती झटपट होते : ऑलिव्ह तेलात लसूण परतायची, त्यात कुस्करलेले टोमॅटो, मीठ आणि बेसिलची पाने घालायची आणि अर्ध्या तासाच्या आत उतरवायची. दुसऱ्या रश्श्याला जुनी इटालियन-अमेरिकन कुटुंबे ग्रेव्ही म्हणतात. हा शब्द आपल्याला फसवतो, कारण आपण कोणत्याही दाट रश्श्याला सरसकट ग्रेव्ही म्हणतो. त्यांची ग्रेव्ही म्हणजे डुकराच्या फासळ्या, सॉसेज आणि मीटबॉल, म्हणजे खिम्याचे गोळे, ज्यात तासन्‌तास शिजले आहेत असा टोमॅटोचा रस्सा. आमच्याकडे रविवारी सकाळी सात वाजता मालकांच्या आई स्वतः येऊन त्याचे पातेले चढवत असत. ते पातेले माझ्या कमरेइतके उंच होते. दुपारपर्यंत मांस काढून वेगळे ठेवले जाई आणि मागे जो रस्सा उरे तो दिसायला अगदी साध्या टोमॅटोच्या सारासारखा असे. त्यात डोळ्यांना दिसेल असे काहीही नसे. तोच रस्सा दिवसभर निरनिराळ्या पदार्थांवर ओतला जाई. म्हणून पदार्थाचे नाव शाकाहारी वाटले तरी त्यावर कोणता लाल रस्सा आहे, हे विचारल्याशिवाय मागवू नका.

आता आईसाठी काय मागवावे, ते सांगतो. सुकी पास्ता, म्हणजे स्पॅगेटी, लिंग्विनी, पेने किंवा रिगातोनी, साधारणपणे ड्यूरम गव्हाचा रवा आणि पाणी यांचीच असते. ताजी, घरी लाटलेली पास्ता मात्र बहुधा अंडे घालून मळलेली असते, आणि मेनूकार्डावर तिचेच कौतुक मोठ्या अक्षरांत छापलेले असते. फेतुचिनी, रॅव्हिओली आणि लझान्या यांच्या बाबतीत अंडे गृहीत धरावे. न्योक्की, म्हणजे बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे, यांतही पुष्कळदा अंडे असते. तेव्हा आईसाठी सुकी स्पॅगेटी किंवा पेने मरिनारामध्ये मागवा. त्यांना तिखट आवडत असेल तर अराबियाता मागवता येते, कारण ती मुळात लाल मिरची घातलेला टोमॅटोचा रस्साच असते. आल्यो ए ओल्यो, म्हणजे नुसते तेल, लसूण आणि मिरची, हाही चांगला पर्याय आहे. पण त्यात अँचोव्ही नाही ना, हे विचारा. अँचोव्ही ही आपल्या मांदेलीच्या कुळातली खारवलेली बारीक मासळी असते. ती गरम तेलात पूर्णपणे विरघळते आणि खाणाऱ्याला फक्त खारटपणा जाणवतो.

वांग्याचे पार्मिजाना पाहून कोणाही मराठी माणसाचे मन हलेल. पण वांग्याचे काप अंड्यात बुडवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले असतात, आणि तळण्याचे तेल बहुधा तेच असते ज्यात स्क्विडची, म्हणजे माकुळाची भजी तळली जातात. ते बाबांसाठी आणि मुलांसाठी मागवा. सीझर सॅलड टाळा. त्याच्या मसाल्यात अंडे आणि अँचोव्ही असतात. मिनेस्ट्रोनीचे तुम्हाला माहीत झालेच आहे. रिझोटोचेही तसेच, कारण तो तांदूळ बहुधा कोंबडीच्याच पाण्यात शिजतो. व्होडका सॉसमध्ये मद्य आणि मलई असते आणि काही ठिकाणी डुकराचे मांस परतून घातलेले असते. शिजवलेल्या भाज्यांकडे आपले लोक फारसे पाहत नाहीत, पण ब्रोकोली राब नावाची कडवट हिरवी भाजी लसणीत परतून मिळते. मेथीची भाजी आवडणाऱ्या माणसाला ती नक्की आवडते. बाबांसाठी हॅडॉक हा मासा किंवा कोळंबी चांगली. लिंग्विनीवर घातलेल्या तिसऱ्या (शिंपल्या) याही इथल्या किनाऱ्याच्या आणि ताज्या असतात, पण त्या रश्श्यात पांढरी वाइन असते, हे आधी सांगून ठेवा.

चीजविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण पुष्कळ घरांत हे माहीतच नसते. पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने दूध साकळवूनच करतात. त्या नावाने विकायचे तर तसाच नियम आहे. पेकोरिनो रोमानोसाठी कोकराचे रेनेट वापरतात. मोझरेलाच्या बाबतीत अमेरिकेत वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेटही वापरले जाते, पण त्या दिवशी आलेले मोझरेला कोणत्या प्रकारचे आहे, हे स्वयंपाकघरातल्या माणसाला सांगता येईलच असे नाही. तुमच्या आई चीज खातात की नाही, हा त्यांचा निर्णय आहे. त्यांना आधी घरी शांतपणे सांगा. टेबलावर बसल्यावर सांगू नका. खाणार नसतील तर ऑर्डर देतानाच चीज नको म्हणा, कारण ताट बाहेर येण्यापूर्वी वरून मूठभर किसलेले चीज टाकण्याची स्वयंपाक्यांच्या हाताला सवय असते.

विचारायचे कसे? शाकाहारी आहे का, असे न विचारता तीन गोष्टी एकेक करून विचारा : रस्सा मांसाबरोबर शिजला आहे का, कोणत्याही मांसाचे पाणी वापरले आहे का, आणि यात मासा किंवा अंडे आहे का. मॅसॅच्युसेट्समध्ये मेनूकार्डावर एक वाक्य छापणे कायद्याने बंधनकारक आहे : तुमच्यापैकी कोणाला अन्नाची ॲलर्जी असेल तर ऑर्डर देण्यापूर्वी सांगा. त्यामुळे पदार्थात काय आहे हे आत जाऊन विचारून येण्याची इथल्या वाढप्यांना सवय असते आणि त्यात कोणी अपमान मानत नाही. मात्र काही जण शाकाहाराऐवजी ॲलर्जी आहे असेच सांगून टाकतात, ते करू नका. ॲलर्जी म्हटले की आत फळी, सुरी आणि तवा सगळे बदलावे लागते, आणि ज्याच्या जिवावर खरोखर बेतू शकते अशा माणसासाठी ती धावपळ राखून ठेवलेली बरी. माझ्या आईसाठी ही धर्माची आणि आयुष्यभराच्या सवयीची गोष्ट आहे, असे सरळ सांगितलेले पुरते. मला पाच वाजता कोणी असे सांगितले तर मी स्वतः जाऊन स्वयंपाक्याला विचारत असे, आणि तो लहान तव्यात नवे तेल घालून, लसूण टाकून, मरिनाराच्या भांड्यातून दोन पळ्या घेऊन वेगळे करून देई. रात्री आठ वाजता तेच सांगितले तर त्याला वेळ नसे आणि मलाही नसे. मेडफर्डकरांनी सांगितलेली साडेचार-पाचची वेळ या कारणासाठीही फार महत्त्वाची आहे.

टीपबद्दल. बॉस्टनमध्ये हॉटेलच्या जेवणावर ७ टक्के कर लागतो. करापूर्वीचे बिल २०० डॉलर झाले तर कर १४ डॉलर आणि २० टक्क्यांप्रमाणे टीप ४० डॉलर, म्हणजे एकूण २५४ डॉलर होतात. सहा जण असाल तर टीप बिलातच लावलेली असू शकते, म्हणून सही करण्यापूर्वी ती ओळ वाचा आणि दुसऱ्यांदा देऊ नका. आपल्याकडून आलेल्या वडीलधाऱ्यांना हा आकडा खटकतो, हे मला माहीत आहे. या राज्यात किमान वेतन तासाला १५ डॉलर आहे, पण टीप मिळणाऱ्या माणसाला मालकाने तासाला ६ डॉलर ७५ सेंट दिले तरी चालतात, आणि उरलेले टीपमधून यायचे असते. न आले तर मालकाने भरून द्यायचे, असा कायदा आहे. बाबांना हे आधी सांगा, म्हणजे बिल पाहून त्यांचा जीव कासावीस होणार नाही.

सॉमरव्हिलचा रहिवासी

थोडे वेगळे मत मांडतो. फ्रीडम ट्रेल अवश्य करा, पण जेवायला नॉर्थ एंडमध्ये थांबू नका. तो भाग आता पर्यटकांसाठीच उरला आहे. जागा लहान, बिल मोठे आणि पुढची माणसे दाराबाहेर उभी असल्यामुळे निवांतपणा नाही. शिवाय जे मिळते ते खरे इटालियन जेवण नव्हेच. इटलीत कोणी स्पॅगेटीवर मीटबॉल ठेवत नाही आणि चिकन पार्मिजाना हा पदार्थ तिथे कोणाला माहीतही नसतो. आई शाकाहारी असताना एवढी विचारपूस करण्यापेक्षा फ्रॅमिंगहॅमला परत येऊन एखाद्या दाक्षिणात्य उपाहारगृहात जेवलेले बरे.

उत्तर किनारा

वरच्या मताशी मी सहमत नाही आणि ते का, हे मला लिहावेसे वाटते, कारण हे जेवण खरे नाही असे म्हणणे त्या माणसांवर अन्याय करणारे आहे.

१८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन माणसे अमेरिकेत आली. त्यांतली बहुसंख्य दक्षिणेची, कांपानिया, कालाब्रिया आणि सिसिलीची होती. गावाकडे त्यांना मांस सणावारी मिळे आणि एरवी भाकरी, कडधान्ये, रानभाज्या आणि थोडी पास्ता यांवर दिवस निघत. इथे कारखान्यात आणि गोदीत राबून हातात मजुरी आली आणि मांस परवडू लागले. गावाकडे वांग्याचे पार्मिजाना होत असे, इथे वांग्याच्या जागी कोंबडी आली. गावाकडे पास्ता आणि मांस वेगवेगळ्या वेळी वाढले जाई, इथे एकाच ताटात आले. स्पॅगेटीवरचा लिंबापेक्षा मोठा मीटबॉल म्हणजे ज्यांच्या घरी मांस शिजत नव्हते त्यांनी पोटभर खाल्ल्याची खूण आहे. त्याला खोटे कसे म्हणायचे? आपल्या देशातून त्रिनिदादला गेलेल्या माणसांनी आपल्या रोट्यांमध्ये जे मिळाले ते भरले, म्हणून तो पदार्थ आपण नाकारत नाही.

सीझर सॅलडचेही तसेच. ते इटलीतले नव्हे. सीझर कार्दिनी या स्थलांतरित इटालियन माणसाने १९२४ साली मेक्सिकोतल्या तिहुआनामध्ये ते केले, असे मानले जाते. अल्फ्रेदो हा पास्ताचा पदार्थ रोमचा, पण तिथे त्यात फक्त लोणी आणि पार्मिजानो असे. मलई अमेरिकेत आली. पदार्थ माणसांबरोबर फिरतात आणि फिरताना बदलतात.

नॉर्थ एंडचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. इटालियन लोकांच्या आधी तिथे आयरिश होते. जॉन केनेडी यांच्या आई रोझ यांचा जन्म १८९० साली तिथलाच. मग सेलम स्ट्रीटवर ज्यू कुटुंबे आली आणि त्यांच्या जोडीने व त्यांच्यानंतर इटालियन. प्रिन्स स्ट्रीट नावाच्या गल्लीत १९१२ साली एक पास्ताचा कारखाना निघाला आणि गल्लीचेच नाव त्या कंपनीला मिळाले. तिच्या १९६९ च्या जाहिरातीत खिडकीतून आई हाक मारते आणि एक मुलगा याच गल्ल्यांतून धावत घरी जेवायला जातो. इथल्या जुन्या माणसांना बुधवार म्हणजे स्पॅगेटीचा वार, हे आजही त्या जाहिरातीमुळे आठवते. बाबांना त्या गल्लीतून चालवत न्या. सिसिलीतल्या शाक्का या गावाहून आलेल्या कोळ्यांचा उत्सव १९१० पासून याच भागात होतो. तोही ऑगस्टमध्येच, सेंट अँथनीच्या आधी असतो.

पर्यटक येतात, भाव चढतात आणि जुनी कुटुंबे दूर उपनगरांत जातात, ही तक्रार मात्र खरी आहे. तरीही हॅनोव्हर स्ट्रीट सोडून आतल्या बोळांत शिरल्यावर दारात खुर्ची टाकून बसलेली, आपापसांत इटालियन बोलणारी वृद्ध माणसे मी स्वतः पाहिली आहेत. तुमच्या आई-बाबांना त्यांच्याच वयाच्या त्या माणसांच्या शेजारून चालता येईल. परत येऊन डोसा खाण्यात ते मिळणार नाही.

कोथरूडची आजी

मी गेल्या वर्षी लेकीकडे आले असताना नॉर्थ एंडमध्ये जेवले. मीही अंडे खात नाही. माझ्या अनुभवातून दोनच गोष्टी सांगते. आईंना दुपारी तीनच्या सुमारास थोडे काही खायला घाला, कारण पाच वाजता आपल्याला भूक नसते आणि नऊ वाजता गाडीत फार लागते. आणि पास्ता किंचित कच्ची वाटेल एवढीच शिजवतात, ती आपल्या दातांना टणक लागते. मी लेकीकरवी थोडी जास्त शिजवून मागितली आणि त्यांनी काही न बोलता तशी दिली. गोड पदार्थ बहुतेक लहान हॉटेलांत मिळतच नाहीत. सगळे जण उठून मिठाईच्या दुकानात जातात. तिथे मी कनोली, म्हणजे तळलेल्या नळीत गोड सारण भरलेली मिठाई, घेतली नाही, कारण तिच्या कवचाच्या पिठात वाइन घालतात आणि जुन्या पद्धतीत चरबीही असते. तिरामिसूत अंडे असते. लिंबाचा बर्फाचा गोळा मात्र नुसते पाणी, साखर आणि लिंबू यांचा असतो. तो मी दोनदा खाल्ला.

फ्रॅमिंगहॅमकर

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही काल, बुधवारी जाऊन आलो. पावणेपाचची वेळ घेतली होती आणि आत शिरलो तेव्हा आमच्याखेरीज एकच टेबल भरलेले होते.

फोन करतानाच मी तीनही प्रश्न विचारले होते आणि टेबलावर पुन्हा विचारले. वाढणाऱ्या बाई साठीच्या घरात असतील. माझे पहिले वाक्य पूर्ण होण्याआधीच त्यांनी आईकडे पाहून हात जोडले, वही खिशात ठेवली आणि आत गेल्या. परत येऊन त्यांनी सांगितले की मेनूकार्डावरच्या दोन लाल पदार्थांत मांसाचा रस्सा आहे, ते घेऊ नका. मरिनारा साधी आहे. पास्ता पाकिटातली सुकी घालू आणि ती वेगळ्या पाण्यात शिजवू. वेगळ्या पाण्याचे मला सुचलेच नव्हते. एरवी एकाच उकळत्या पाण्यात अंड्याची पास्ताही शिजते, हे त्यांनीच सांगितले. चीजविषयी आईशी आदल्या रात्री बोललो होतो आणि तिने नको म्हटले होते, त्यामुळे तिथे काही प्रश्न आला नाही.

आईने स्पॅगेटी मरिनारा, ब्रोकोली राब आणि ऑलिव्ह तेलाबरोबर पाव असे जेवण केले. कोथरूडच्या आजींनी सुचवल्याप्रमाणे पास्ता थोडी अधिक शिजवून घेतली. पहिल्या घासानंतर आईने टोमॅटो कोणते आहेत, असे विचारले, कारण त्यांत आंबटपणा जवळजवळ नव्हता. मी विचारून सांगितले की ते डब्यातले, सोललेले लांबट टोमॅटो आहेत. मग तिने ताट पूर्ण संपवले. मी तिच्या ताटाकडे इतका वेळ पाहत होतो की माझे स्वतःचे जेवण गार झाले. बाबांनी हॅडॉक घेतला आणि मुलांच्या वांग्याच्या पार्मिजानातला मोठा वाटा तेच जेवले. एका ताटात दोन माणसांचे अन्न असते, म्हणून सहा जणांत चारच मुख्य पदार्थ मागवले आणि तरीही एक डबा भरून घरी आणला.

बिल करापूर्वी १३८ डॉलर झाले. टीप त्यात लावलेली नव्हती. बाबांना वेतनाचा हिशोब आधी सांगितला होता, त्यामुळे ३० डॉलर ठेवताना त्यांनीच ते मोजून दिले. नंतर प्रिन्स स्ट्रीटवरून चालत गेलो आणि आईने व मुलांनी लिंबाचा गोळा खाल्ला.

मेडफर्डकर, स्वच्छतागृह तळघरातच होते. अकरा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला आणि तोही उतरताना डाव्या हाताला. बाबा माझा हात धरून उतरले. सासूबाईंसाठी ते ठिकाण योग्य नाही. मात्र त्याच रस्त्यावर दोन दारे पुढे एक थोडे मोठे हॉटेल आहे. तिथे आत डोकावून विचारले, तेव्हा त्यांचे स्वच्छतागृह तळमजल्यावरच आहे आणि दारात फक्त एक पायरी आहे, असे कळले. त्यांच्याकडेही मरिनारा वेगळी शिजते का, हे तेवढे ऑक्टोबरपूर्वी फोन करून विचारून घ्या.